मी तुझ्यासाठी काय मागू?

केनियाला जायचं ठरल्यावर आम्ही सगळ्यात आधी मुंबई गाठली, पिवळ्या तापाची लस घ्यायला. ही लस अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते, प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी, आणि तिचं छोटं पिवळं पुस्तक जिवापाड जपावं लागतं. कारण परतताना आपल्याच विमानतळावर ते मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. आमच्यातल्या एका मावशींनी ते पुस्तक बायबलात ठेवलं, तेही नेमकं प्रकटीकरणात, जिथे पीडांचे पेले ओतले जातात. म्हणाल्या, "रोगराईचं काय असेल ते एका जागी असलेलं बरं."

आम्ही म्हणजे नंदुरबारच्या आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, चार बायका, आमचे पाळक आणि त्यांच्या पत्नी. मी त्यातली निवृत्त. आयुष्यभर सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन म्हणून नळ्या आणि काचपट्ट्या हाताळल्या. किसुमूच्या एका महिला संगतीने, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती बायकांच्या गटाने, आमच्या पाळकांना कधीचं बोलावून ठेवलं होतं. किसुमू म्हणजे व्हिक्टोरिया सरोवराच्या काठचं शहर, विषुववृत्ताला अगदी खेटून.

माझ्या भावाने नाश्ता करता करता विचारलं, "तिकडे शंभरात ऐंशीच्या वर लोक ख्रिस्ती. तुम्ही तिथे जाऊन कुणाला काय सांगणार?" प्रश्न चुकीचा नव्हता. मिशन म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यांपुढे गोरा साहेब, घोडा आणि पेटीभर पुस्तकं येतात. आमच्या नंदुरबारला तर अजून एस. ए. मिशन हायस्कूल त्याच नावाने चालू आहे. आम्हाला पाहुणी म्हणून बोलावलं होतं: त्यांच्या बायकांबरोबर उपासाच्या दिवसांत प्रार्थना करायला, आपली भजनं म्हणायला, त्यांची ऐकायला. झांजा आणि एक ढोलकी आम्ही सामानात घेतली होती. नैरोबीच्या कस्टमवाल्याने ढोलकी वाजवून दाखवायला लावली, मग हसून जाऊ दिलं.

किसुमूत गेल्यावर पहिल्याच दिवशी एका दुकानदाराने आम्हाला गुजरातीत हाक मारली. नंदुरबारचं माणूस गुजराती कळत नाही असं कसं म्हणेल? तिकडची रेल्वे बांधायला इंग्रजांनी इथून सुमारे ३२ हजार मजूर नेले होते, त्यातले अडीच हजाराच्या आसपास तिथेच मेले. ती रेल्वे १९०१ साली किसुमूच्या काठाला टेकली. चपाती आणि चहा तिथे आता त्यांच्याच घरचे झाले आहेत. हे सगळं वाचून गेले होते, पण खरं सांगायचं तर चहात दूध बघून जो धीर आला तो वाचनाने आला नव्हता.

राहायची सोय एकेकीची वेगवेगळ्या घरी होती. माझी सोय एका शिंपीणबाईंकडे. वय छत्तीस, नवरा नाही, म्हातारी आई, पत्र्याचं छप्पर, पुढच्या खोलीत पायमशीन. तिचं इंग्रजी उत्तम, माझं सरकारी दवाखान्यातलं, केसपेपरवर चालणारं. तरी जमलं. पहिल्या रात्री तिने उगाली वाढली, मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, बरोबर बारीक चिरलेली पालेभाजी आणि ओमेना नावाची बोटभर सुकी मासळी. मी हाताने जेवले, गोळ्याला अंगठ्याने खळगा करून त्यात भाजी घेतली. तिची आई माझ्या हाताकडे बघत होती. परीक्षेत पास झाले असावे, कारण मासळीची दुसरी वाढ न विचारता ताटात पडली.

आता जे सांगायचं आहे ते सांगते.

तिचा आजार मी तिने सांगायच्या आधी ओळखला. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर. डाव्या घोट्याच्या वर रुपयाएवढा काळपट व्रण, बरी होऊन पुन्हा पुन्हा उघडलेल्या जखमेचा. उठताना एक हात कमरेवर, आणि चालताना उजवा पाय किंचित मागे राहणारा. दुसऱ्या दिवशी मशीनच्या खणात दोऱ्याच्या रिळांशेजारी फॉलिक अ‍ॅसिडची डबी आणि मलेरिया टाळायच्या प्रोग्वानिलच्या गोळ्या दिसल्या. मग शंका राहिली नाही. सिकलसेल.

नंदुरबारच्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. धडगाव, अक्कलकुवा, नवापूर, कुठेही जा, कुणाच्या ना कुणाच्या घरात तो आहे. बाहेरच्यांसाठी थोडक्यात: रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये जन्मतःच एक छोटासा बदल असतो. प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी गोल राहायच्या सोडून कोयत्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि तिथे असह्य दुखतं. आईकडून आणि बापाकडून, दोघांकडूनही तो बदल आला तर मूल रुग्ण. एकाच बाजूने आला तर वाहक. त्याला स्वतःला सहसा काही होत नाही, उलट मलेरियापासून थोडं संरक्षणच मिळतं. म्हणून तर जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता तिथेच हा आजार टिकून राहिला: सातपुड्यात आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी. गंमत अशी की रुग्णाला मात्र तोच मलेरिया फार महागात पडतो, म्हणून ती रोज प्रोग्वानिल घेत होती.

नोकरीत मी ही तपासणी किती केली त्याचा हिशेब नाही. बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, नळीतल्या द्रावणात सोडायचा, हलवायचं, काही मिनिटं थांबायचं. मग नळीच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर काही नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. वाहक की रुग्ण हे पुढे इलेक्ट्रोफोरेसिस नावाची दुसरी तपासणी ठरवते. त्या काही मिनिटांत समोर बसलेल्या आईचा चेहरा बघायचा नाही, असा माझा मीच घालून घेतलेला नियम होता. नळीकडे बघायचं. प्रार्थना करायची नाही, कारण रक्त जे आहे ते आहे.

त्यामुळे ख्रिस्ती असूनही या एका आजारापुढे माझी प्रार्थना नेहमी अडखळत आली. ताप उतरू दे म्हणता येतं. मुतखडा पडू दे म्हणता येतं. पण पेशी न् पेशी ज्या साच्यातून निघते तो साचाच वेगळा असताना, काय मागायचं? मंडळीत कुणी "सिकलसेलमधून मुक्ती" असं काही मागितलं की माझ्या तोंडून आमेन निघायचा, पण हात आपोआप पदराशी खेळायला लागायचे.

मुक्कामाच्या तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी सभेत आजाऱ्यांसाठी प्रार्थना होती. माझी मैत्रीणही पुढे गेली. (मैत्रीण म्हणते, कारण तोवर आमचं तसं झालं होतं. मी तिच्या मशीनला तेल घातलं होतं आणि तिने माझ्या ब्लाउजची उसवलेली बाही शिवली होती. यापेक्षा मैत्रीला आणखी काय लागतं.) तिच्याभोवती आमच्यातल्या दोघी आणि तिथल्या चार-पाच बायका जमल्या, डोक्यावर, खांद्यावर हात ठेवले आणि आवाज चढत गेले. रोगाला आज्ञा झाली, निघून जा. हाडांना आज्ञा झाली, नीट व्हा. माझा हात तिच्या पाठीवर होता आणि मला हाताला कळत होतं की उभं राहणं तिला जड जातंय. ती प्रत्येक वाक्याला न चुकता आमेन म्हणत होती, दारात आलेल्या पाहुण्याला "या, बसा" म्हणावं तितक्या सरावाने.

त्या रात्री पाऊस आला. मार्चपासून तिथला मोठा पावसाळा सुरू होतो आणि पत्र्यावर पाऊस पडायला लागला की बोलणंही ऐकू येत नाही. हवा गारठली. गारठा हा या आजाराचा जुना वैरी. मध्यरात्रीनंतर मला जाग आली तर ती पुढच्या खोलीत जमिनीवर बसलेली, पाठ मशीनच्या लोखंडी पायाला टेकलेली, दोन्ही मांड्या हातांनी आवळून धरलेल्या. रडत नव्हती. दातांत लेसोचं टोक होतं, तिकडच्या बायका कमरेला गुंडाळतात त्या कापडाचं.

आधी नोकरीतली बाई जागी झाली. ताप आहे का? छातीत दुखतं का? दम लागतो का? तीन्हींना तिने मान हलवून नाही म्हटलं. एकाला जरी हो म्हणाली असती तर मी शेजाऱ्याला उठवून बोडाबोडा, म्हणजे तिकडची भाड्याची मोटरसायकल, बोलावणार होते आणि पावसात दवाखाना गाठणार होते. गोळी तिने घेतली होती. मी पाणी तापवून पिशवीत भरलं, खुब्याला लावलं, आणि पेल्यामागून पेला पाणी प्यायला लावलं. पाणी कमी पडलं की पेशी जास्त वाकतात. तिला हे माझ्याहून चांगलं ठाऊक होतं, पण दुखत असताना पाण्याचा घोट कुणाला जातो? समोर कुणीतरी पेला धरून बसावं लागतं.

थोडं ओसरल्यावर मी म्हटलं, "प्रार्थना करू?"

ती हसली. म्हणाली, "तुम्हीही?"

मग तिने सांगितलं. तिच्यासाठी आजवर कितीतरी देशांतल्या लोकांनी हात ठेवून प्रार्थना केली होती. पाहुणे येतात, यजमानांच्या घरी आजारी माणूस दिसतो, त्यांना राहवत नाही. मनाने चांगली माणसं. फोटो काढतात. एका पाहुण्याने तिला सांगितलं की विश्वास असेल तर गोळ्या सोड. तिने सोडल्या. पुढे दवाखान्यात पडून रक्त चढवायची वेळ आली. "त्याचं मला इतकं वाईट वाटलं नाही," ती म्हणाली. "नंतर त्यांचा फोन आला, बरी झालीस का? मी हो म्हटलं. त्यांनी तिकडे सभेत सांगितलं असणार. आता त्या शहरात मी बरी झालेली आहे."

हे ऐकून मला हसू आलं आणि पोटात कालवलंही. मी आमच्याकडची किती तोंडं आठवली! किती जणांनी पाळकाचं मन मोडू नये म्हणून "आता बरं वाटतंय" म्हटलं असेल, आणि घरी जाऊन दार लावून कण्हले असतील.

तेव्हा मी तिला विचारलं, "मग मी तुझ्यासाठी काय मागू? तूच सांग."

हा प्रश्न माझा नाही, हे नंतर लक्षात आलं. यरीहोच्या रस्त्याकडेला आंधळा बार्तीमय ओरडतो तेव्हा येशू त्याला बोलावून आधी हेच विचारतो: मी तुझ्यासाठी काय करावं असं तुला वाटतं? समोर आंधळा उभा आहे, त्याला काय हवं ते शेंबड्या पोरालाही कळेल, तरी विचारतो. बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षं पडून असलेल्या माणसालाही, तुला बरं व्हायचंय का, असं विचारतो. लहानपणापासून हे पाठ ऐकले. रविवारशाळेत मुलांना शिकवलेही. आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवायच्या आधी त्याला विचारायचं असतं, हे मात्र मला किसुमूतल्या त्या ओल्या जमिनीवर सुचलं.

ती बराच वेळ गप्प होती. मला वाटलं, पाय मागेल किंवा आयुष्य मागेल. ती म्हणाली, "ईस्टरला चर्चच्या गाणाऱ्या बायकांचे झगे द्यायचेत. कापड कापून झालंय. खुबा तेवढे दिवस टिकू दे. आणि आत्ता झोप लागू दे."

एवढंच.

मी मराठीत प्रार्थना केली. इंग्रजीत मला देवाशी बोलताच येत नाही, अर्ज लिहिल्यासारखं होतं. तिने जे सांगितलं तेच मागितलं, एक शब्द जास्त नाही: झगे, खुबा, झोप. पायातली कळ एकदम थांबली वगैरे काही झालं नाही. पाऊस मात्र थांबला, पण तो काय, थांबणारच होता. पहाटेच्या सुमारास तिला बसल्या जागीच झोप लागली. गोळीने, पाण्याने, शेकाने की प्रार्थनेने, ते मी सांगू शकत नाही. लॅबमध्ये एका नळीत चार गोष्टी घातल्या तर कुठल्या एकीने रंग बदलला हे कुणी विचारत नाही, विचारलं तर हसतात.

झग्यांचं म्हणाल तर खुबा टिकला, पण पूर्ण नाही. मशीनवरची शिलाई तिने उरकली, खालच्या घेराची हातशिलाई राहिली. मग आम्ही चौघी नंदुरबारकरणी आणि तिची आई, अशा पाचजणी अंगणात चटईवर बसलो आणि जांभळ्या कापडाचे घेर दुमडत गेलो. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं म्हटली, त्यांची लुओ भाषेतली गाणी ऐकली. माझी शिलाई इतकी वाकडी आली की तिच्या आईने दोन झगे उसवून परत शिवले. ज्या मावशींनी रोगाला सगळ्यात मोठ्या आवाजात आज्ञा दिली होती, त्यांचे टाके सगळ्यात सुबक निघाले. माणसाबद्दल पटकन मत करू नये ते यासाठी.

परत आल्यावर आमच्या मंडळीत साक्ष द्यायची होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: उपासनेत एक वेळ असते, तेव्हा देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं. तिथे आजार बरे झाल्याच्या साक्षी सगळ्यात आवडीने ऐकल्या जातात, यात आश्चर्य नाही. डॉक्टरांनी हात टेकले होते, अशी सुरुवात झाली की बायका पुढे सरकून बसतात. पाळकांनी प्रवासाचं सगळं सांगितलं, मग माझं नाव घेतलं. मी किसुमूतल्या मैत्रिणीबद्दल सांगितलं, आजार सांगितला, रात्र सांगितली, झगे सांगितले. आणि बसणार तेवढ्यात दुसऱ्या बाकावरच्या आजीबाईंनी मोठ्याने विचारलं, "मंग, बरी व्हयनी का ती?"

"नाही," मी म्हटलं.

इतकं शांत आमचं चर्च मी कधी पाहिलं नव्हतं. एरवी निदान पंखा तरी वाजतो, त्या दिवशी लाइटही गेलेली. पाळकांनी प्रसंग सावरला. बाकी साक्षी देताना माणसं सहसा सांगत नाहीत असे काही उल्लेख त्यांनी बायबलमधून काढले आणि मला मनापासून बरं वाटलं. प्रेषित पौलाने आपला सोबती त्रफिम याला आजारी असताना मिलेत गावी मागे ठेवलं. तीमथ्याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला लिहिलं. एपफ्रदीत नावाचा सोबती तर फिलिप्पैहून मदत घेऊन निघालेला, पौलाजवळ असताना मरणाच्या दारी पोचला, आणि गावाकडे ती बातमी गेली म्हणून हा पठ्ठ्या आजारापेक्षा त्याचीच काळजी करत बसला. हेच पौल एरवी रोग्यांना बरं करत होते. त्यांच्याच सोबत्यांना औषध, विश्रांती आणि वाट बघणं लागलं.

उपासना सुटल्यावर एक बाई माझ्याजवळ आली. तिचा अकरा वर्षांचा मुलगा सिकलसेलचा रुग्ण आहे, हे मला नोकरीपासून माहीत होतं. मला वाटलं, नाराज झाली असेल. तिने विचारलं, "तुमची ती मैत्रीण किती वर्षांची म्हणालात?"

"छत्तीस."

"छत्तीस?" तिने परत विचारलं. मग म्हणाली, "आम्हाला कुणीतरी सांगितलं होतं, वीस काढणार नाही म्हणून."

तिला ओट्यावर बसवून मी जे माहीत आहे ते सांगितलं. हायड्रॉक्सियुरिया नियमित घेतलं तर दुखण्याचे झटके कमी होतात, ते सरकारी दवाखान्यातून घे, मनाने बंद करू नकोस, मधूनमधून रक्त तपासत राहा. भारतातल्या बऱ्याच रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन थोडं जास्त टिकून राहतं, म्हणून आपल्याकडे पुष्कळदा आजार जरा सौम्य असतो, तेही सांगितलं. तिथे उभ्या पाळकांच्या मुलाने, पुण्यात शिकतो तो, सांगितलं की आता जनुक दुरुस्त करायचा उपचारही निघालाय. निघालाय खरा. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने त्याला मंजुरी दिली. तिकडे त्याची किंमत बावीस लाख डॉलर आहे. आमचं अख्खं मिशन कंपाउंड विकलं तरी एका पोराची सोय व्हायची नाही. हे मी त्या बाईला सांगितलं नाही. तिच्या डोक्यात छत्तीस हा आकडा होता, तो तसाच राहू दिला.

आणखी एक गोष्ट किसुमूची राहिली, ती मी साक्षीत सांगितली नाही, कारण ती माझ्या घरची आहे. आता भावाची हरकत नाही म्हणून लिहिते.

त्याच रात्री, झोप लागण्याआधी, मैत्रिणीने मला उलट विचारलं, "आणि तुमच्यासाठी मी काय मागू?" मी सवयीने गुडघे म्हटलं. ती म्हणाली, गुडघे सगळेच सांगतात. तेव्हा मी भाच्याचं बोलले. त्याचं लग्न ठरत होतं, मुलगी नवापूरकडची, शिकलेली, गोड. दोघांचे रिपोर्ट मी स्वतः बघितलेले: दोघं वाहक. म्हणजे प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक. मी भावाला म्हटलं होतं, हे लग्न करू नका. भाऊ म्हणाला, आयुष्यभर चर्चला जाऊन देवावर एवढाच भरवसा का तुझा? त्यावरून आमचं बोलणं जवळजवळ बंद पडलं होतं. सगळा देश हीच तपासणी करायला निघालाय. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, २०४७ पर्यंतचं लक्ष्य आहे. आणि माझ्याच घरात माझं कुणी ऐकेना. तर तू माग, म्हटलं, की भावाला बुद्धी होवो.

तिने ऐकून घेतलं. पाण्याचा पेला हातात धरून म्हणाली, "माझे आईबाप दोघं वाहक होते. तेव्हा कुणी त्यांना असं अडवलं असतं, तर आज इथे कोण बसलं असतं?"

हे ती रागाने म्हणाली नाही. उलट थोडी चेष्टाच होती तिच्या आवाजात. पण अख्ख्या नोकरीत मला हे कुणी म्हणालं नव्हतं. कारण ज्यांच्या नळ्या मी गढूळ झालेल्या बघितल्या त्यांच्याशी माझं पुढचं बोलणं कधी झालंच नाही. मी तिला तपासणीचं महत्त्व सांगायला लागले. ती म्हणाली, "ते मलाही माहीत आहे. माझी धाकटी बहीण पाच वर्षांची असताना गेली. आईला आधी कळलं असतं तर तिने काय केलं असतं, हे मी तिला कधी विचारलं नाही. तुम्ही त्या मुलीला विचारलंत का, तिला काय हवंय?"

मी भाच्याला विचारलं नव्हतं. मुलीला तर नाहीच. सगळं भावाशी भांडले.

इकडे आल्यावर दोघांना घरी बोलावलं, शेवभाजी केली आणि मोडतोड न करता सगळं सांगितलं: चारात एक म्हणजे काय, गरोदरपणी दहा-बारा आठवड्यांच्या सुमारास गर्भाची तपासणी करता येते म्हणजे काय, त्यानंतरचे निर्णय किती अवघड असतात. मुलगी सगळं वहीत लिहून घेत होती. भाचा तिच्या वहीकडे बघत होता. त्यांनी लग्न करायचं ठरवलं. मी अजूनही म्हणेन की लग्नाआधी रक्त तपासा, पत्रिका नंतर बघा. त्यात माझं मत तसूभर हललेलं नाही. पण ते लग्न मोडण्यासाठी मी जी प्रार्थना करत होते ती थांबवली. मे महिन्यात कडक उन्हात लग्न झालं, वरण-बट्टीवर ताव मारला, भाऊ माझ्याशी बोलायला लागला.

आता ती गरोदर आहे. तपासणीसाठी मोठ्या शहरात जाऊन आलेत, रिपोर्ट यायचाय. बुधवारी आमच्या बायकांची प्रार्थना असते. आम्ही आता आजाऱ्याला आधी फोन करतो आणि तो सांगेल तेच कागदावर लिहून आणतो. फार वेगवेगळं निघतं. कॅन्सरचा पेशंट म्हणाला, जेवणाची चव परत येऊ दे. लकवा झालेल्या आजोबांना सुनेने सिरियल बदलू नये एवढंच हवं होतं. तर मी भाचेसुनेला फोन लावला. म्हटलं, काय मागू तुझ्यासाठी? ती म्हणाली, "आत्या, रिपोर्टचं काही मागू नका, तो येईल तसा येऊ दे. सकाळची मळमळ थांबू दे. मला वर्गात उभं राहता येत नाही."

तेच लिहिलं, तेच मागितलं, आणि किसुमूलाही तोच निरोप पाठवला. तिकडून तासाभरात आवाजी मेसेज आला, मागे मशीनची खडखड चालू. आमेन म्हणाली, आणि आल्याचा तुकडा मिठाला लावून चघळायला सांगा म्हणाली, उपाशीपोटी नको, चहानंतर.